सोम्बोर अमळनेरपेक्षा लहान आहे!

१३ जून २०२३, मंगळवार, सकाळचे सहा. हिंजवडीतला आमचा टू बीएचके. रूममेट गाढ झोपेत, गॅसवर चहा, आणि लॅपटॉपवर आवाज अगदी बारीक करून लावलेली एनबीए फायनलची पाचवी मॅच. डेन्व्हर नगेट्स विरुद्ध मायामी हीट. अमेरिकेत तेव्हा सोमवारची रात्र असते. त्यामुळे आपल्याकडच्या बास्केटबॉलवेड्या माणसाचं आयुष्य दूधवाल्यासारखं होतं. पहाटे उठा, साडेआठला मोकळे व्हा, दहाच्या मीटिंगला जांभया द्या.

नगेट्स ९४-८९ने जिंकले. १९७६ साली एनबीएत आलेल्या या टीमचं हे पहिलंच विजेतेपद. सगळे नाचताहेत, शॅम्पेन उडतंय, आणि फायनलचा एमव्हीपी निकोला योकिच, जवळजवळ सात फुटांचा तो सर्बियन गडी, चेहऱ्यावर असा भाव घेऊन उभा की जणू लग्नाच्या पंगतीत अडकलाय आणि बस चुकणारेय. विजयाची परेड गुरुवारी आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं. त्यावर त्याचं तोंड पडलं. त्याला घरी जायचं होतं! घरी घोडे होते, त्यांच्या शर्यती होत्या.

घर कुठे, तर सोम्बोर. मी लगेच गुगल केलं. उत्तर सर्बियातलं गाव, लोकवस्ती पन्नास हजारांच्याही आत. म्हणजे माझ्या अमळनेरच्या निम्मंच की!

आता अमळनेर कुठे, हे मला ऑफिसात दर आठवड्याला सांगावं लागतं. पुणेकरांचा नकाशा नाशिकला संपतो. मग मी हुकमाचं पान टाकते : ‘विप्रोचं गाव.’ १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याच कंपनीची पुढे विप्रो झाली. आयटीवाल्यांना हे ऐकून जाम गंमत वाटते. मग मी प्रताप कॉलेज सांगते, साने गुरुजी आमच्या प्रताप हायस्कुलात शिकवायचे हे सांगते, आणि २०२४ला साहित्य संमेलन भरलं तेव्हापासून तेही सांगायला लागलेय. बास्केटबॉल मात्र या यादीत कधीच नसतो. अमळनेर आणि बास्केटबॉल? भरीत आणि पास्ता म्हटल्यासारखं वाटतं.

पण मी खेळलेय. शाळेच्या मागच्या अंगाला सिमेंटचं कोर्ट होतं. दोन खांब, एक रिंग सरळ आणि एक वाकडी, जाळी कुठल्याच रिंगला नाही. जाळी नसली की बॉल आत गेला की बाहेरून, यावर रोज भांडण. उन्हाळ्यात सिमेंट इतकं तापायचं की बुटांचे तळ चिकटायचे, खानदेशातला मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मी पाच फूट चार इंच. माझं काम बॉल पुढे आणायचा आणि उंच मुलींना द्यायचा. त्यात मी बरी होते. फार नव्हे, बरी.

२००९ साली, मी दहावीत असताना, आमची टीम जिल्ह्याला पहिली आली. पुढे विभागीय स्पर्धा नाशिकला. आम्ही बॅगा भरल्या होत्या. आईने दशम्या बांधून ठेवल्या होत्या. आदल्या दिवशी दुपारी सरांनी वर्गात येऊन सांगितलं, टीम जाणार नाही. कारण? मुलींबरोबर जायला बाई नाहीत. एका बाईंच्या घरी लग्न, दुसऱ्यांची मुलगी आजारी, तिसऱ्यांना परीक्षेचं काम. कुणाचीच चूक नव्हती आणि प्रत्येकीचं कारण खरं होतं. म्हणून तर राग कुणावर काढायचा हेच कळलं नाही. दशम्या आम्ही कोर्टावर बसून खाल्ल्या. शाळेचं नाव मी इथे घेत नाही, घेऊन काय करायचंय? त्या वर्षी महाराष्ट्रात अशा किती शाळा असतील!

त्यानंतर अकरावी, सायन्स, क्लासेस, इंजिनीअरिंग, पुणे. बॉल सुटला तो सुटलाच. राहिलं ते पहाटे सहाचं व्यसन.

गावाकडच्यांचं वर्ष

२०२३ हे वर्ष माझ्या दृष्टीने स्पेशल होतं, कारण त्या वर्षी बक्षिसांच्या यादीत नेहमीचे पत्ते फारसे नव्हते.

एनबीएचा सीझनचा एमव्हीपी झाला जोएल एम्बीड. कॅमेरूनमध्ये जन्मलेला, पंधराव्या वर्षी खेळायला लागलेला. पंधराव्या! आपल्याकडे पंधराव्या वर्षी मुलाला सांगतात, आता खेळ पुरे, दहावी आहे. अमेरिकेबाहेर जन्मलेल्या खेळाडूने एमव्हीपी होण्याचं हे ओळीने पाचवं वर्ष होतं. आधी ग्रीसचा यानिस दोनदा, मग योकिच दोनदा, मग एम्बीड. योकिचचा तर किस्साच भन्नाट आहे. २०१४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, त्याचा नंबर एक्केचाळिसावा लागला आणि त्याचं नाव जाहीर झालं तेव्हा टीव्हीवर टॅको बेलची जाहिरात चालू होती. जगातला सर्वोत्तम बास्केटबॉलपटू होणाऱ्या पोराची एंट्री जाहिरातीखाली गेली.

मे महिन्यात लिथुआनियातल्या कौनासला युरोलीगची फायनल झाली. रेआल माद्रिदने ऑलिम्पियाकोसला ७९-७८ने हरवलं. शेवटची बास्केट पस्तीस वर्षांच्या सेर्जिओ युलची, तीन सेकंद बाकी असताना. ती मॅच मी गाडीत, ट्रॅफिकमध्ये, फोनवर स्कोअर रिफ्रेश करत ‘पाहिली’.

मग सप्टेंबर. फिबा वर्ल्ड कप, फिलिपिन्स, जपान आणि इंडोनेशियात. आशियात असल्यामुळे माणसाच्या वेळेला मॅचेस! सेमीफायनलमध्ये जर्मनीने अमेरिकेला ११३-१११ने घरी पाठवलं आणि १० सप्टेंबरला मनिलात सर्बियाला ८३-७७ने हरवून पहिल्यांदा जगज्जेतेपद मिळवलं. आठपैकी आठ मॅचेस जिंकून. कॅप्टन डेनिस श्रोडर एमव्हीपी. (योकिच या स्पर्धेत नव्हताच. तो बहुतेक घोड्यांजवळ असावा.) अमेरिका ब्राँझसाठीही कॅनडाकडून हरली, चौथी आली. पुढच्या वर्षी लेब्रॉन, करी, ड्युरंट अशी सगळी तोफ घेऊन ते पॅरिसला गेले आणि फ्रान्सला ९८-८७ने हरवून ऑलिम्पिक सुवर्ण घेऊन आले, ते सोडा.

मला त्या वर्ल्ड कपमधली खरी गोष्ट वाटली ती दक्षिण सुदानची. २०११ साली जन्माला आलेला देश. आधी यादवी, मग निर्वासितांच्या छावण्या. एनबीएत खेळून निवृत्त झालेला लुओल डेंग त्यांच्या फेडरेशनचा अध्यक्ष झाला, स्वतःच्या खिशातून पैसा घातला, जगभर पसरलेली पोरं गोळा केली. पहिल्याच वर्ल्ड कपमध्ये त्यांनी आफ्रिकी देशांत सर्वात वरचा नंबर मिळवला आणि पॅरिसचं तिकीट मिळवलं. पूर्ण देशात एकही इनडोअर कोर्ट नव्हतं. एकही! ऑलिम्पिकच्या आधी लंडनमधल्या सरावाच्या मॅचमध्ये त्यांनी अमेरिकेला घाम फोडला होता, हरले ते फक्त एका पॉइंटने, १००-१०१. मग पॅरिसमध्ये प्वेर्तो रिकोला हरवलं. मी ती बातमी वाचली आणि मला आमची वाकडी रिंग आठवली. निदान आम्हाला दोन खांब तरी होते.

बायकांच्या बास्केटबॉलचं तर हे वर्ष होतंच. एप्रिलमध्ये अमेरिकन कॉलेजांच्या फायनलमध्ये लुइझियाना स्टेटने आयोवाला १०२-८५ने हरवलं तेव्हा टीव्हीसमोर सुमारे नव्व्याण्णव लाख लोक होते. बायकांच्या कॉलेज मॅचला तोवर एवढे प्रेक्षक कधी मिळाले नव्हते. ऑक्टोबरमध्ये लास व्हेगास एसेसने न्यूयॉर्कला त्यांच्याच घरात ७०-६९ने हरवून सलग दुसऱ्यांदा डब्ल्यूएनबीए जिंकली. त्यांची कोच बेकी हॅमन. या बाईंबद्दल थोडं सांगू द्या, कारण त्या माझ्या देव्हाऱ्यात आहेत. उंची पाच फूट सहा. १९९९ला त्यांना ड्राफ्टमध्ये कुणीही घेतलं नाही. तरी सोळा सीझन खेळल्या. २०१४ला ग्रेग पॉपोविचने त्यांना सॅन अँटोनियोच्या पुरुषांच्या टीमवर पूर्णवेळ असिस्टंट कोच म्हणून घेतलं, एनबीएत असं आधी झालं नव्हतं. आणि ऑगस्ट २०२३मध्ये गुरू आणि शिष्या दोघंही एकाच समारंभात हॉल ऑफ फेममध्ये गेले, ड्वेन वेड, डर्क नोविट्स्की, पाउ गसोल, टोनी पार्कर यांच्या सोबत.

जुहूचा पोरगा आणि जांभळा झोत

‘पण यात आपलं कोण?’ असा प्रश्न माझ्या दादाने विचारला होता. मी म्हटलं, रणदिवे!

विवेक रणदिवे. जुहूत वाढलेले. सोळाव्या वर्षी खिशात पन्नास डॉलर घेऊन एमआयटीला गेले. शेअर बाजाराची माहिती क्षणात पोचवणारं सॉफ्टवेअर केलं, टिबको कंपनी काढली. २०१३ला त्यांनी सॅक्रामेंटो किंग्ज ही टीम घेतली, तेव्हा तिची किंमत ५३ कोटी ४० लाख डॉलर धरली होती. एनबीए टीमचे ते पहिले भारतीय वंशाचे मुख्य मालक. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएच्या दोन मॅचेस झाल्या, भारतात पहिल्यांदाच, त्यातली एक टीम किंग्ज होती ती काही योगायोगाने नव्हे. पहिल्या दिवशी प्रेक्षकांत शाळेतली पोरं बसवली होती. इंडियाना पेसर्सने ती मॅच जादा वेळेत १३२-१३१ने घेतली.

मालक म्हणून रणदिवेंची पहिली दहा वर्षं मात्र सासुरवासासारखी गेली. कोच येतात, जातात. फॅन्स शिव्या घालतात. २००६नंतर टीम प्लेऑफला पोचलीच नव्हती, सोळा सीझन, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दुष्काळ. आणि अचानक २०२२-२३! ४८ मॅचेस जिंकल्या, पश्चिम विभागात तिसरा नंबर. प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून आकाशात जांभळा झोत सोडायचा, गाव रस्त्यावर येऊन तो बघणार. पहिल्या फेरीत गोल्डन स्टेट वॉरियर्सशी सातवी मॅच झाली, स्टेफ करीने ५० पॉइंट ठोकले आणि खेळ खल्लास. पण बक्षिसं बघा : कोच ऑफ द इयर माइक ब्राऊन, तेही एकमताने. एक्झिक्युटिव्ह ऑफ द इयर माँटे मॅकनेअर. आणि त्या वर्षीच सुरू झालेला ‘क्लच प्लेअर’चा पहिला मान डिअॅरन फॉक्सला. एकाच टीमकडे तीन!

पुढचं ऐका. डिसेंबर २०२४ला ब्राऊनला काढलं. फेब्रुवारी २०२५ला फॉक्स दुसऱ्या टीममध्ये. एप्रिल २०२५ला मॅकनेअरही गेला. दोन वर्षांत तिन्ही बक्षिसवाले बाहेर. आणि ज्या मायकल मलोनला याच किंग्जने २०१४च्या डिसेंबरात घरी पाठवलं होतं, तो २०२३ला कुठे होता? डेन्व्हरच्या बाकावर, योकिचशेजारी, हातात ट्रॉफी घेऊन. त्यालाही डेन्व्हरने एप्रिल २०२५मध्ये काढलं. अप्रेझल सीझनमध्ये ज्यांची झोप उडते त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

पण रणदिवे मला भावतात ते किंग्जमुळे नाहीच. भावतात ते त्यांच्या मुलीच्या टीममुळे. माल्कम ग्लॅडवेलने २००९ला ‘न्यूयॉर्कर’मध्ये ही गोष्ट लिहिली होती. कॅलिफोर्नियातल्या रेडवूड सिटीच्या बारा वर्षांच्या मुली. शूटिंग येत नाही, ड्रिबलिंग यथातथाच, उंचीचं नावच नको. कोच रणदिवे, ज्यांनी स्वतः आयुष्यात बास्केटबॉल खेळलेला नाही. ते क्रिकेट-फुटबॉलवाले. त्यांना एक गोष्ट समजेना. एक टीम बास्केट करते आणि लगेच पळत आपल्या टोकाला जाऊन उभी राहते. समोरच्यांना निम्मं मैदान फुकट! का म्हणून?

त्यांनी मुलींना सांगितलं, पळायचं नाही. तिथेच अडवायचं. बास्केट खाल्लेल्या टीमला बाहेरून बॉल आत टाकायला पाच सेकंद मिळतात. टाकलाच, तर ठरलेल्या सेकंदांत अर्धं कोर्ट ओलांडावं लागतं. आपल्याकडच्या नियमांत आठ. या पाच आणि आठ सेकंदांत पाचही जणींनी अंगावर जायचं. त्याला म्हणतात फुल कोर्ट प्रेस. त्यासाठी शूटिंग लागत नाही. दम लागतो. त्या मुली राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचल्या.

‘फुई, तू येशील?’

ऑगस्टच्या शेवटी दादाच्या मुलीचा फोन आला. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. भाची तेरा वर्षांची, माझ्याच शाळेत आठवीत. तिच्या हातात बॉल मीच दिला होता, दोन दिवाळ्यांपूर्वी.

‘फुई, चौदा वर्षांखालच्या मुलींची टीम झालीय आमची. जिल्ह्याला जायचंय, जळगावला. पण...’

‘पण काय?’

‘सर म्हणतात, सोबत बाई पाहिजेत. नाहीतर नाही जाता येणार.’

मी खरंच काही क्षण बोलले नाही. चौदा वर्षं गेली. त्या शाळेत कॉम्प्युटर लॅब आली, सीसीटीव्ही आले. वाक्य तेच.

‘फुई, तू येशील?’

सोपं वाटतं ना? पण आमचा रिलीज ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आणि स्पर्धाही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. मॅनेजरला ‘फॅमिली फंक्शन’ सांगावं असं आधी मनात आलं, आपण सगळे तेच सांगतो. मग खरं सांगितलं. तो चेन्नईचा, स्वतः शाळेत बास्केटबॉल खेळलेला निघाला! सुट्टी दिली, पण अप्रेझलला तो रिलीज आठवला त्याला, हेही सांगून ठेवते. त्या वर्षी माझं रेटिंग एक पायरी खाली आलं.

घरची बाजू वेगळीच. दादा सरळ म्हणाला, ‘तुले काय करनं शे? तिची आठवी आहे.’ रागावला की दादा अहिराणीत शिरतो. वहिनी गप्प. बाबा पेपर वाचत होते, ते न बघता म्हणाले, ‘हिच्या वेळी आपण बोललो नाही शाळेत. मी जायला पाहिजे होतं.’ इतकंच. २००९नंतर त्या विषयावर बाबांनी काढलेलं हे पहिलं वाक्य. मला वाटत होतं त्यांच्या लक्षातही नसेल.

दादा काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी भाचीला नवे बूट घेऊन आला.

गणपतीला पाच दिवस घरी होते. कोर्टावर गेले तर अर्ध्या भागात शिक्षकांच्या टू-व्हीलर्स, मोजून चौदा. फुल कोर्ट प्रेस शिकवायची आणि कोर्ट हाफ! रोज सकाळी आम्ही सगळ्याजणी मिळून गाड्या ढकलून भिंतीकडे लावायचो, प्रॅक्टिस झाली की पुन्हा जागच्या जागी. तोच वॉर्मअप. पोरी आठ. त्यातल्या तिघींना बॉल आपटत पळणं जमत नव्हतं, एकीला बॉल आला की डोळे मिटायची सवय. शूटिंग शिकवायला पाच दिवस म्हणजे चेष्टा. मी रणदिवेंचा फंडा काढला. मोठ्याने आकडे मोजायला लावले. एक, दोन, तीन, चार, पाच! हात वर, पाय नाचते, आरडाओरडा. कंपाउंडच्या पलीकडे राहणाऱ्या आजी रोज भिंतीवरून डोकावायच्या. ‘काय चाली राह्यनं व माय?’ त्यांना वाटलं आट्यापाट्या. तशा चुकीच्या नव्हत्या त्या. पाटी अडवून धरायची, समोरच्याला पुढे जाऊ द्यायचं नाही. मग मी पोरींना तेच सांगितलं, आट्यापाट्या समजा. पटकन कळलं.

जळगावात गेल्यावर फॉर्मवर संघ व्यवस्थापक म्हणून माझं नाव लिहिलं, तेव्हा पेन थोडं अडखळलं. समोरच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, ‘मॅडम, सही लवकर करा, मागे लाइन आहे.’

पहिल्या मॅचला समोरची टीम आमच्यापेक्षा उंच, कोऱ्या जर्सीत. आमच्या पोरी घरून आणलेल्या टी-शर्टांवर नंबर चिकटवून. पहिली बास्केट आमची झाली, निव्वळ नशिबाने. आणि पोरी पळाल्या नाहीत. तिथेच उभ्या. बॉल आत टाकणारी समोरची मुलगी गोंधळली, इकडे बघते, तिकडे बघते, आमच्या आठही जणी, बाकावरच्या तिघींसकट, ओरडताहेत, ‘तीन, चार, पाच!’ शिट्टी. बॉल आमचा. असं एकदा नाही, सहा-सात वेळा झालं. त्यांच्या कोचनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या डब्यातली भाकरी उचलली. २२-१४. जिंकलो! डोळे मिटणाऱ्या पोरीने दोन बास्केट केल्या, एक बहुतेक डोळे मिटूनच.

दुसरी मॅच जळगाव शहरातल्या टीमशी. त्यांना प्रेस कशी फोडायची ते शिकवलेलं होतं. एक लांब पास, मध्यावर एक मुलगी, तिथून सरळ रिंगपर्यंत. दुसऱ्या क्वार्टरपर्यंत आमच्या पोरींचा दम संपला. मी ओरडत होते, ‘मागे या, मागे या,’ पण मागे कसं यायचं हे मी शिकवलंच नव्हतं! पाच दिवसांत एकच गोष्ट शिकवली होती. ३१-१२. हा माझा दोष, पोरींचा नाही. भाची रडली. मीही बाथरूममध्ये जाऊन आले.

परतीच्या एसटीत सगळ्या कचोऱ्या खाऊन पुन्हा चिवचिवायला लागल्या. त्याच दिवसांत हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये आपल्या बायकांची टीम उपांत्यपूर्व फेरीत उत्तर कोरियाकडून हरली होती. मी फोनवर तो स्कोअर दाखवला. त्या टीममध्ये पुण्याची शिरीन लिमये होती. भाचीने विचारलं, ‘लिमये म्हणजे आपल्याकडची?’ मी म्हटलं, हो. मग तिने तो फोन मागेपर्यंत सगळ्यांच्या हातून फिरवला. पारोळ्याच्या फाट्यापर्यंत तो परत आलाच नाही, आणि आला तेव्हा बॅटरी संपलेली. रिलीजचे मेसेज मला दुसऱ्या दिवशी दिसले.

पुढच्या वर्षी शाळेतल्या दोन बाई स्वतःहून तयार झाल्या. त्यातल्या एक तर माझ्याच टीममधली सेंटर, आमच्यात सगळ्यात उंच. आता तिथे शास्त्र शिकवते. मी तिला प्रेस फोडण्याचे व्हिडिओ पाठवते, ती मला पोरींचे पाठवते, आणि योकिचची मॅच असली की पहाटे सहाला आमच्या दोघींचे मेसेज सुरू होतात.

टू-व्हीलर्स आता समोरच्या बाजूला लावतात. एका रिंगला जाळी आली आहे. वाकडी रिंग अजून वाकडीच. मध्यंतरी दुरुस्तीसाठी माणूस बोलावणार होते, तर भाचीने सरांना जाऊन सांगितलं, राहू द्या, आम्हाला आता तिचा अंदाज आलाय.